पाच दिवसांचा ‘फास्टिंग’ डबा: सूप झकास, जाहिरात अती

पूर्ण उपास न करता, पाच दिवस मोजकंच खाऊन शरीराला उपास वाटावा, अशी या ‘फास्टिंग’ डब्याची कल्पना. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका घरगुती किचनकडून हा डबा नौपाड्यात मागवला. नाव देत नाही, कारण तक्रार मोठी आहे.

आधी चांगलं. दुधी-टोमॅटोचं सूप खरंच झकास. वरून जिऱ्याची फोडणी, तेलाचा तवंग नाही, मिठाचा हात बेताचा. सोबत जवसाचे कडक क्रॅकर, मोजके बदाम, ऑलिव्ह. सासूबाईंनी डब्यात डोकावून विचारलं, “टोमॅटो कधीपासून चालायला लागला गं उपासाला?” आमच्याकडे एकादशी म्हणजे खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर दाण्याची आमटी. या डब्यात मात्र प्रोटीन कमी, साखर जवळजवळ नाहीच, कॅलरी पहिल्या दिवशी 1100 च्या आसपास आणि नंतर 700-800. अशा उपासासारख्या आहारावर काम करणारे अमेरिकेतले संशोधक व्हाल्टर लाँगो, त्यांच्या प्रयोगांतलं हेच गणित. तिसऱ्या दिवशी डोकं जाम दुखलं. त्यात डबा ट्रॅफिकमुळे अकराला आला, तेव्हा मी कोणाशी धड बोलत नव्हते.

आता जाहिरात. ‘पाच दिवसांत अडीच वर्षं तरुण व्हा!’ हा आकडा 2024 च्या एका अभ्यासातला दिसतोय. पण तिथे लोकांनी दर महिन्याला पाच दिवस असं तीनदा केलं होतं, आणि वय म्हणजे रक्ततपासण्यांवरून काढलेला अंदाज. यकृतातली चरबी कमी झाली, इन्सुलिनला शरीर बरा प्रतिसाद देऊ लागलं, हे त्यात आहे. आयुष्य वाढलं असं कोणी दाखवलेलं नाही. पत्रकावर ‘नोबेलविजेती ऑटोफॅगी’सुद्धा आहे. पेशी स्वतःचाच केरकचरा मोडून पुन्हा वापरतात, ती ही प्रक्रिया. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं ते यीस्टवरच्या कामासाठी, डब्यासाठी नव्हे!

खरा राग वेगळाच. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये फ्लॅट नंबर विचारला, तिखट किती विचारलं, औषधांबद्दल अवाक्षर नाही. आमच्या ह्यांना डायबेटीस, ग्लिमेपिराइड चालू. डॉक्टरांनी साफ सांगितलं, ही गोळी घेऊन एवढं कमी खाल्लं तर शुगर धाडकन उतरेल. म्हणून मी एकटीनेच केलं. डायबेटीसवाल्यांनी, गरोदर बायकांनी आणि आधीच काटकुळ्या असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये.

हे सगळं किचनला व्हॉट्सॲपवर कळवलं. उत्तरात नमस्काराचा इमोजी आणि पुढच्या महिन्याच्या डब्यावर दहा टक्के सूट. एक स्टार सूपचा, एक पॅकिंगचा. बाकीचे तीन फॉर्म बदलल्यावर.