जुनी मामिया ८० मिमी आणि जीएफएक्स ५०आर: पोळ्यापासून मेपर्यंत

पोळ्याच्या आठ दिवस आधी ही कॅमेरा-लेन्सची जोडी जमली. आता मे संपत आला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या पुढं. पोट लग्नांच्या ऑर्डरीवर चालतं, हे निव्वळ हौसेचं. बॉडी फुजीची जीएफएक्स ५०आर, सेकंडहँड. तिची स्वतःची लेन्स घेतली असती तर घरात जेवण मिळालं नसतं, म्हणून मामिया सेकोर सी, एफ १.९.

ही लेन्स ६४५ नावाच्या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याची, चौकट साधारण ५६ × ४१.५ मिमी. फुजीचा सेन्सर ४३.८ × ३२.९. त्यामुळे कोपरे काळे पडायचा प्रश्नच नाही.

घोळ झाला तो लेन्स बॉडीला जोडणाऱ्या ॲडॉप्टरचा. मामियाचा माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, फिल्मपासून ६३.३ मिमीवर, फुजीचा सेन्सरपासून २६.७ वर; मधले ३६.६ मिमी भरणारी ही नुसती पोकळ नळी. आत काच नाही, मग महाग कशाला, म्हणून स्वस्तातली मागवली. उन्हातल्या प्रत्येक फोटोत मधोमध पांढुरकं धुकं! पंधरा दिवस लेन्सला शिव्या घातल्या. मग टॉर्च मारून पाहिलं तर नळी आतून स्टीलच्या गिलासासारखी चमकत होती. टेलरकडून काळ्या मखमलीची चिंधी आणून आत चिकटवली, धुकं गेलं. नळी कणभर आखूडही आहे, त्यामुळे लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबत नाही.

मेनूत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा, नाहीतर बटण दाबूनही कॅमेरा ढिम्म. लेन्सवरचा ए-एमचा (ऑटो-मॅन्युअल) खटका एमवर हवा; एवर ठेवला तर या बॉडीवर उजेड कमी-जास्त करणारी आतली पाती मिटतच नाहीत. पोळ्याला तो एवरच राहिला. रिंग एफ ८ वर, पाती सताड उघडी. तोरणाखालच्या जोडीतल्या एका बैलाची पापणी न् पापणी मोजावी, दुसरा दह्यात बुडाल्यासारखा. ॲपर्चरचा आकडा फोटोत नोंदलाच जात नाही, त्यामुळे घरी येईपर्यंत पत्ता नाही. झडत्या (पोळ्यात म्हणतात ती गाणी) संपल्या होत्या, बैलही घरी गेले होते.

१.९ वर फोकस पीकिंगवर (फोकस लागलेल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवतं ते) माझा भरवसा नाही. प्रत्येक वेळी झूम करून पाहतो. तेवढ्यात शेजारचे आबाजी, “झाला का बे तुहा फोटो? माहे पाय भरून आले.” लग्नात हा प्रकार चालणार नाही, नवरदेव थांबत नसतो.

पण एफ ४ ला जे मिळतं! वेचणीला काकूंचे हात काढले. बोंडाच्या टोकांनी बोटांवर ओढलेले बारीक ओरखडे, नखात अडकलेला कापसाचा तंतू, सगळं जसंच्या तसं. काकू म्हणाल्या, “तोंड सोडून हातच काढले का रे भाऊ?” तिथं शेतात लेन्स मात्र बदलू नका. आत आरसा नाही, सेन्सर उघडाच. तोच तंतू जाऊन चिकटतो.

परवा भर दुपारी बॅग गाडीच्या टाकीवर राहिली. हेलिकॉइडचं, म्हणजे फोकस रिंगच्या आट्यांचं, जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरलं, आता ती तेलकट चमकतात आणि सुस्त मिटतात. पावसाआधी नागपूरला नेऊन साफ करून घ्यायची आहे. तोवर १.९ वरच चालवतोय.