पिकअपच्या इंजिनची ऑइल गळती: आठ महिने आणि १४ हजार किलोमीटरनंतर

माझी पिकअप २०११ची, डिझेल. नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाट्यावरून माळशेज उतरायचा आणि कल्याणच्या मार्केटला माल खाली करायचा. हंगामात आठवड्याला चार-पाच खेपा होतात. मीटर २ लाख ६० हजारांच्या पुढे गेलाय. मागच्या वर्षी रात्री गाडी अंगणात लावली की सकाळी फरशीवर तळहाताएवढा काळा डाग दिसू लागला. आठवड्याला अर्धा लिटर ऑइल वरून ओतावं लागायचं.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत होता. "क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा मागे जिथे बाहेर येतो, तिथलं ऑइल अडवणारं रबरी कडं. उतरवला. सील, मजुरी, आणि खोललंच आहे तर क्लच प्लेट, असे साडेअकरा हजार गेले. ऐन हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली ती वेगळीच. पंधराव्या दिवशी डाग त्याच जागी हजर. फार वाईट वाटलं, कारण वर इंजिनकडे कुणी बॅटरी मारूनसुद्धा बघितलं नव्हतं.

माझे थोरले चुलतभाऊ, आबा, यांनी उभी हयात ट्रकच्या इंजिनांवर काढली. ते म्हणाले, "आधी इंजिन धू, मग बोलू." अल्टरनेटरला प्लास्टिक गुंडाळलं, थंड इंजिन डिझेल आणि ब्रशने घासलं, पाणी मारलं, हवा मारून कोरडं केलं. मग संशयाच्या प्रत्येक जोडावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली आणि गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली. बॉनेट उघडून आरसा आणि बॅटरी मागच्या बाजूला धरली, तर पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ स्वच्छ दिसत होती. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून ती ब्लॉकच्या पाठीवरून उतरत थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत गेली होती. ऑइल उतार धरतं आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून थेंब कुठे पडतो ते बघू नका, सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

आबांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: टॅपेट कव्हरखालच्या पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतंय कोण? इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं, तर हवेचे जोरात भपकारे येत होते. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये (ऑइल साठतं त्या तळाच्या भागात) उतरतोच आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनला श्वास सोडायला दिलेल्या, पाइपातून तो निघून जातो. माझा पाइप काढून पाहिला तर आत डांबरासारखा चिकट मळ, पेन्सिलचं शिसं जाईल एवढंच भोक उरलेलं. वाट बंद झाली की आतला दाब सगळ्यात कमजोर जागेतून ऑइल बाहेर काढतो. पाइप काढल्यावर भपकारे कमी झाले, तेव्हा जीव भांड्यात पडला. तरीही ते तसेच राहिले असते, तर रिंगा झिजल्याची शंका घ्यावी लागली असती.

जुनं पॅकिंग उन्हात वाळलेल्या कुरडईसारखं झालं होतं, वाकवलं तर काडकन मोडलं. कव्हर काचेवर ठेवून कडा सरळ आहेत ना ते पाहिलं, कारण आधी कुणीतरी बोल्ट बेताल आवळले असतील तर नवं पॅकिंगही टिकत नाही. रबरी पॅकिंग ३५० रुपये, पाइप १८०. सहा एमएमचे बोल्ट मधून कडेकडे, टॉर्क पान्याने (आवळायचा जोर मोजणारा पाना) १० न्यूटन मीटरला आवळले. सिलिकॉन फक्त अर्धगोल कोपऱ्यांना, तेही करंगळीच्या नखाएवढं, आणि एक दिवस सुकू दिलं. सगळीकडे थापलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला सुटून चेंबरमध्ये पडतं, ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि मग इंजिनच जातं. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

त्याआधी गळती थांबवणारी ४५० रुपयांची बाटलीही ओतून झाली होती. कडक झालेलं रबरी सील ती थोडं फुगवते, पण मोडलेल्या पॅकिंगला तिचा काही उपयोग नाही. मला फरक शून्य.

आता आठ महिने झाले. अख्खा पावसाळा माळशेजमध्ये चढउतार झाला. दोन ऑइल बदलांच्या मधे डिपस्टिकची पातळी बोटाच्या पेरभरही उतरत नाही आणि मधे ऑइल ओतावं लागलेलं नाही. ब्रीदरचा पाइप आता प्रत्येक ऑइल बदलाला काढून बघतो.

मागचं सील खरंच जातं, ते मी नाकारत नाही. पण वरचं सगळं कोरडं असेल, गिअरबॉक्सच्या तोंडाशी खालच्या भोकातून आतूनच ऑइल येत असेल (कधी कधी चढाला क्लचही घसरतो), तरच गिअरबॉक्स उतरवा. आणि आधी थेंब बोटावर घेऊन वास बघा. इंजिनचं ऑइल काजळासारखं काळं असतं, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प येतो आणि तो लपत नाही.

दर रविवारी गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा टाकतो. गेल्या महिन्यात त्यावर बारीक दोन ठिपके आले, अल्टरनेटरच्या मागच्या व्हॅक्यूम पंपाच्या (ब्रेकला जोर देणारा पंप) सरळ रेषेत. तिथे पावडर मारून ठेवली आहे.