पिनियन आणि शाफ्टसाठी काय घ्यावं: ईएन ८, ईएन १९, ईएन २४, २०एमएनसीआर५ की बीड (ओतीव लोखंड)?

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीत छोटं वर्कशॉप असेल, तर हा जॉब ओळखीचाच आहे. कोळशाच्या कन्व्हेअरचा नाहीतर भंडाऱ्याकडच्या राइस मिलचा तुटका पिनियन (छोटा दातेरी गिअर), सोबत त्याचा शाफ्ट, आणि गिऱ्हाइकाचं एकच सांगणं: "भाऊ, या वेळी भारी मटेरियल टाका." मग लोखंडाच्या बाजारात, लोहा ओळीत, फोन फिरतात आणि ईएन २४ पोलाद ठरतं, कारण चौकशी केलेल्यांत तेच सगळ्यात महाग.

ते घेण्याआधी तुटलेला जॉब नीट पाहा. शाफ्ट वाकला की तुटला? दात झिजले की मुळातून उडाले? चालताना शाफ्ट लवत असेल, तर ग्रेड बदलून काहीच साधत नाही. ईएन ८ असो वा ईएन २४, पोलाद किती लवतं हे जवळपास सारखंच असतं: लवचिकतेचा गुणांक २०५ ते २१० गिगापास्कल. तिथे व्यास वाढवा किंवा बेअरिंग जवळ आणा. शाफ्ट कायमचा वाकला असेल, तर मात्र ताकद कमी पडली, आणि मग पुढचा हिशोब कामाचा.

ईएन ८, १९ आणि २४

तिघांतही कार्बन सुमारे ०.४ टक्के. पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून पाण्यात किंवा तेलात विझवल्यावर, पोलाद जास्तीत जास्त किती कडक होणार हे मुख्यतः कार्बन ठरवतो, म्हणून तिघांच्याही वरच्या कातडीचा कडकपणा ५५ एचआरसीच्या (रॉकवेल मापाच्या) आसपास जातो. फरक पडतो तो खोलीत. ईएन ८ मध्ये मॅंगनीज सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही, त्यामुळे जाड बारमध्ये वरचे काही मिलिमीटर कडक होतात आणि गाभा तसाच राहतो. ईएन १९ मध्ये सुमारे १ टक्का क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम असतं. ईएन २४ मध्ये त्यावर दीड टक्का निकेल, आणि भाव चढतो तो मुख्यतः या निकेलमुळे.

जुन्या ब्रिटिश नंबरांतून हे काही कळत नाही. भारतीय मानकाच्या नावात मात्र सगळा मसाला लिहिलेला असतो, फक्त प्रत्येक धातूचा आकडा त्याच्या ठरलेल्या भाजकाने भागायचा. ईएन २४ च्या जोडीचा ग्रेड ४०एनआय६सीआर४एमओ३: कार्बन ०.४०, निकेल ६ भागिले ४ म्हणजे १.५, क्रोमियम ४ भागिले ४ म्हणजे १, मॉलिब्डेनम ३ भागिले १० म्हणजे ०.३ टक्के. मालासोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचे आकडे याच्याशी ताडून बघायला दोन मिनिटं पुरतात.

बारीक शाफ्टला ईएन २४ म्हणजे पैसे पाण्यात, कारण तेवढ्या जाडीत ईएन १९ सुद्धा आतपर्यंत कडक होतं. ईएन २४ ची कमाई दिसते ती जाड जॉबमध्ये आणि धक्के खाणाऱ्या ठिकाणी, म्हणजे क्रशरच्या शाफ्टसारख्या जागी. शिवाय बार कच्चीच लेथवर चढवून तशीच बसवली, तर निकेलचे मोजलेले पैसे वायाच. बार टी कंडिशनमध्ये, म्हणजे आधीच हीट ट्रीटमेंट झालेली, मागा: ताकद ८५० ते १००० मेगापास्कल, कडकपणा २४८ ते ३०२ बीएचएन (ब्रिनेल माप). एवढ्या कडकपणावर लेथही चालते आणि पुढच्या हीट ट्रीटमेंटची कटकटही वाचते.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचं. ईएन ८ ला बहुधा पाण्यात विझवतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधली टाकी आधीच गरम असते, आणि दोन-चार जॉब बुडवले की आणखी तापते. गरम पाण्यात जॉबभोवती वाफेचं कवच जास्त वेळ टिकतं आणि कातडीवर मऊ डाग राहतात. कानस फिरवली की एका जागी घसरते, दोन बोटं पुढे चावते. मीठ घातल्याने हे कवच लवकर फुटतं खरं, पण कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) धारदार कोपऱ्यातून तडा जाण्याची भीतीही वाढते. ईएन १९ तेलात कडक होतं, आणि क्वेंचिंगचं तेल ५०-६० अंशांना नीट काम करतं. माझ्या मते इथल्या वर्कशॉपने मध्यम शाफ्टला ईएन १९ धरावं, त्याचं हेही एक कारण.

दात झिजत असतील तर

दाताला वर काचेसारखी कडक कातडी हवी आणि आत धक्का पचवणारा गाभा हवा. दोन रस्ते आहेत. एक, ईएन १९ टी च्या पिनियनचे दात इंडक्शनने, म्हणजे विजेच्या कॉइलने वरवर तापवून आणि विझवून, कडक करून घ्या. काम झटपट, जॉब कमी वाकतो, ५० ते ५५ एचआरसी मिळतं. फक्त कडक थर दाताच्या मुळापर्यंत उतरला पाहिजे. अर्ध्यावर थांबला, तर दात नेमका त्याच रेषेवर तुटतो.

दुसरा, कमी कार्बनचं पोलाद घेऊन कार्बुरायझिंग. २०एमएनसीआर५ मध्ये कार्बन ०.२ च्या आसपास. सुमारे ९२५ अंशांना कार्बन आत मुरवतात, मग तेलात. कातडी ५८ ते ६२ एचआरसी. केसची, म्हणजे या कडक थराची, खोली वेळेच्या वर्गमुळाने वाढते: ०.६ मिमीला साधारण तासभर, १.२ मिमीला चार तास. "थोडी जास्त केस द्या" हे म्हणायला सोपं, पण बिल वाढतं आणि जॉबही वाकतो. ५ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) दाताला पाऊण ते एक मिलिमीटर पुरते. बोअरला, म्हणजे शाफ्टच्या भोकाला, ग्राइंडिंगसाठी जादा माल सोडा, आट्यांना कार्बन रोखणारी पेस्ट लावा. ईएन ३५३ चा रस्ताही हाच, पण त्यात निकेल आहे. गाभ्याला खास चिवटपणा हवा असेल तरच ते घ्या.

झीज खूप, धूळ खूप, फेरे अखंड, तर कार्बुरायझिंग. एकच पिनियन हवा आणि मशीन बंद पडलंय, तर इंडक्शन.

मोठ्या गिअरला बीड

दोन-अडीच फुटी गिअरला फोर्जिंग (ठोकून घडवलेलं पोलाद) घेणं परवडत नाही. साध्या बिडात, म्हणजे एफजी २६० सारख्यात, ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. हाउसिंगला उत्तम, कारण कंप खातं. दाताला धक्का बसणार असेल तर नको. एसजी आयर्न या बिडाच्याच दुसऱ्या प्रकारात मॅग्नेशियममुळे ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात बसतं. ७००/२ ग्रेड म्हणजे किमान ७०० मेगापास्कल ताकद आणि तुटेपर्यंत किमान २ टक्के लांबणं, आणि त्याचे दात इंडक्शनने कडकही होतात. मॅग्नेशियमचा असर काही मिनिटांत उतरतो, म्हणून ओतायला उशीर झालेलं कास्टिंग फसवतं. टांगून हातोडी मारा: चांगलं एसजी खणखणतं, साधं बीड बद्द वाजतं. हातोडीने खराब माल लगेच सापडतो, चांगल्याची खात्री मात्र मायक्रोस्कोपखालीच होते.

जॉब कार्डवर नुसतं "हार्ड करणे" लिहून पाठवू नका. पृष्ठभाग किती एचआरसी, ग्राइंडिंगनंतर केस किती, कुठे मोजायची, कुठली जागा मऊ ठेवायची, एवढं लिहा. त्याच बारचा एक तुकडा जॉबसोबत भट्टीत टाकायला सांगा आणि तो कापून केस मोजल्यावरच बिल चुकतं करा.