सूत की मिलिमीटर? इंदूरात घर बांधताना टेप घ्यावा की लेझर

२० बाय ५०चा प्लॉट. मिस्त्री सुतात बोलतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीहून जरासा जास्त. साधं लेझर मीटर, म्हणजे समोरच्या भिंतीवर ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र, २ मिमीच्या आसपास चुकतं. ५ मीटरपर्यंत चांगला स्टीलचा टेपही त्याहून वाईट नाही, त्यामुळे अचूकतेसाठीच लेझर घेत असाल तर थांबा.

आखणीला तर टेपच. मोकळ्या प्लॉटवर लेझरचा ठिपका पडायला भिंतच नसते, आणि एप्रिलच्या उन्हात तो दिसतही नाही. इथे लांबीपेक्षा काटकोन महत्त्वाचा: दोन्ही कर्ण ५३ फूट १० इंच आणि जेमतेम २ सूत भरले पाहिजेत. काळ्या मातीतला खड्डा चार बोटं रुंद झाला तरी चालतो, कॉलमचा मध्य मात्र हलता कामा नये.

विटांच्या बांधकामात चार-सहा मिमी सांध्यात मुरतात. 'भैया, प्लास्टर में निकल जाएगा' हे मिस्त्रीचं वाक्य अशा वेळी खरंही असतं, फक्त ओळंब्याबाहेर गेलेल्या भिंतीसाठी ते ऐकून घेऊ नका. जिन्यात तर अजिबात नाही. १८ पायऱ्यांत प्रत्येकी एक सूत वाढलं, तर वर पोचेपर्यंत सव्वादोन इंच होतात, आणि ते सगळे शेवटच्या पायरीवर काढले की पाय अडखळणारच.

लेझर मीटर खरं कामाला येतं ते प्लास्टरनंतर. तयार खिडक्या, मॉड्युलर किचन कारखान्यातून मापाने येतात, तिथे सूतही जास्त. एकट्याने उंची मोजता येते, हा वेगळा आराम. फरशीचा हिशेबही तेव्हाच करा: १२ फुटी खोलीत दोन्हीकडचं प्लास्टर गेलं की साधारण ३६३० मिमी उरतात. ६००च्या सहा फरश्या बसतात आणि कडेला ३ सेंटिमीटरची विद्रूप पट्टी. एक अख्खी फरशी कमी करून उरलेली जागा दोन्ही कडांना सारखी विभागा, नाहीतर फरशीचा आकार बदला.

लेव्हलला पाण्याची नळी आजही अचूक आहे, बुडबुडा तेवढा काढा. दोन माणसं लागतात. खोलीभर रेघ पाडणारी लेझर लेव्हल फरशीसाठी सोयीची, पण ती फरशीवाल्याकडे बहुधा असतेच.

बांधकाम ठेक्याने दिलं असेल तर ५ आणि ३० मीटरचे दोन टेप पुरेत. दोन्ही एकदा एकमेकांवर ताडून पाहा. खिडक्या-किचन स्वतः मागवणार असाल तरच लेझर मीटर घ्या.