गाभण कुत्रीसाठी तयार संच: थर्मामीटर उत्तम, तारखेच्या चकतीवर विसंबू नका

कुत्रीच्या बाळंतपणाला लागणारं सामान एकाच पेटीत देणारे संच हल्ली ऑनलाइन मिळतात. शेवंतीच्या या वेळच्या विणीसाठी मी असाच एक मागवला होता. पेटीत पुठ्ठ्याची तारखेची चकती, लवचिक टोकाचा डिजिटल थर्मामीटर, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा, नाळेसाठी चिमटे आणि कात्री, पिल्लांच्या नाकातोंडातलं पाणी ओढायचा रबरी फुगा, रंगीत पट्ट्या, शोषक चादरी, हातमोजे, कॅल्शियमची ट्यूब आणि सूचनापत्रक एवढं निघालं. थर्मामीटर आणि काटा या दोन वस्तूंसाठी हा संच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चकतीबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण जाहिरातीत तीच सगळ्यात मोठी दाखवली आहे.

चकतीच्या बाहेरच्या कड्यावर नर लागल्याची तारीख जुळवली की आतल्या खिडकीत व्यायची तारीख दिसते, बरोबर ६३ दिवसांनंतरची. ६३ हा आकडा खरा आहे, पण तो मोजायचा असतो बीज सुटल्यापासून, म्हणजे ओव्हुलेशनपासून. कुत्रीचं बीज सुटतं तेव्हा कच्चं असतं, ते पक्व व्हायला आणखी दोनेक दिवस जातात. शिवाय नराचे शुक्राणू तिच्या पोटात पाच-सात दिवसही टिकून राहू शकतात. त्यामुळे नर लागला त्या दिवसापासून मोजलं, तर कुत्री ५७व्या दिवशीही विते आणि ७२व्या दिवशीही, आणि दोन्ही वेळा सगळं सुरळीत असू शकतं. चकतीवर या पंधरवड्याचा कुठेही उल्लेख नाही. तिथे एकच तारीख छापलेली असते.

शेवंती माजावर असताना डॉक्टरांनी एक-दोन दिवसांआड रक्त घेऊन प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तपासलं होतं. हे प्रमाण साधारण ५ नॅनोग्रॅमच्या आसपास पोचलं की बीज सुटलं असं धरतात. त्या हिशेबाने निघालेली तारीख आणि चकतीची तारीख यांत चार दिवसांचं अंतर पडलं. चार दिवस थोडे वाटतील, पण सिझेरियन ठरवायचं असेल तर तेवढ्यात पिल्लांचा जीव जाऊ शकतो. वेळेआधी काढलेल्या पिल्लांची फुप्फुसं तयार झालेली नसतात. ज्या जातींच्या कुत्र्यांचं तोंड चपटं आणि डोकं मोठं असतं, त्यांच्यात सिझेरियनची वेळ वरचेवर येते. अशी कुत्री पाळणाऱ्यांनी तर चकती पेटीतून काढूच नये. माजात रक्ततपासणी राहून गेली असेल, तर चौथ्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भाच्या मापावरून डॉक्टर तारखेचा अंदाज देतात. पिल्लं किती हे मोजायला ५५व्या दिवसानंतरचा एक्स-रे चांगला. हाडं दिसायला त्याच्याआधीच लागतात, पण नीट मोजता येतात ती तेव्हा. हा आकडा हातात असला की पिल्लं संपली की अजून एखादं आत आहे, याची घालमेल होत नाही.

आता थर्मामीटर. शेवंतीची खरी तारीख त्यानेच सांगितली. कुत्रीचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. व्यायच्या आधी प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं आणि त्याबरोबर तापमानही साधारण एका अंशाने खाली येतं, ३७च्या आसपास किंवा त्याखाली. त्यानंतर बहुतेक कुत्र्या २४ तासांच्या आत विण्याला लागतात. हा उतार काही तासच टिकतो आणि तापमान परत चढतं, म्हणून दिवसातून एकदा बघून भागत नाही. शेवटच्या आठवड्यात सकाळ, दुपार, रात्र अशी नोंद ठेवावी, आणि तिचं नेहमीचं तापमान किती ते कळावं म्हणून त्याआधीच सुरुवात करावी. पिल्लू एकच असेल तर हा उतार ठळक दिसेलच असं नाही, तिथे एक्स-रे उपयोगी पडतो.

या थर्मामीटरचं टोक वाकतं, हे फार सोयीचं आहे. ताठ टोकाच्या थर्मामीटरला शेवंती अंग चोरायची. याला थोडं व्हॅसलीन लावलं की ती पडल्या पडल्या घेऊ देते. आकडा लवकर येतो आणि मागची नोंद लक्षात राहते. शेवटी मात्र तो जोरात वाजतो आणि तो आवाज बंद करता येत नाही. अवघडलेल्या कुत्रीला दचकवणारी ही गोष्ट कंपनीने बदलायलाच हवी. एका संध्याकाळी आकडा ३६.९ आला. शेवंतीने ताटलीला तोंड लावलं नाही, रात्रभर ती अंथरूण उकरत होती, धापा टाकत होती, आणि सकाळी पहिलं पिल्लू बाहेर आलं. सगळं हाताशी तयार होतं.

काटा छान आहे. पिल्लांची ओळख पटावी म्हणून रंगीत पट्ट्या बांधून रोज ठरावीक वेळी वजन घ्यायचं. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालतं, पण वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली किंवा दुसऱ्या दिवसानंतरही वाढ दिसेना, तर पिल्लाला दूध पुरत नाहीये असं समजून लगेच डॉक्टरांना दाखवावं. सात ते दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. नुसत्या डोळ्यांना सगळी पिल्लं गुबगुबीतच दिसतात. चिमटे, कात्री, फुगा ठीक. चादरी पातळ आहेत, घरातले जुने टॉवेल त्यांच्यापेक्षा कितीतरी बरे.

कॅल्शियमच्या ट्यूबवर "गर्भावस्थेत रोज" असं छापलंय, ते वाचून मला राग आला. गाभणपणी वरून कॅल्शियम देत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम काढून वापरायची शरीराची सवय मंदावते. मग पान्हा जोरात सुटला की रक्तातलं कॅल्शियम घसरतं, कुत्री थरथरते, पाय ताठ होतात, झटके येतात. छोट्या जातीच्या कुत्रीला पिल्लं जास्त असली की हा धोका अधिक. ही ट्यूब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उघडू नये.

सूचनापत्रकात कळा ओळखायची माहिती आहे, पण डॉक्टरांकडे कधी धावायचं ते नाही. ते ठळक अक्षरांत हवं: जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त अंतर, पहिलं पिल्लू यायच्या आतच हिरवा-काळपट स्राव, म्हणजे वार सुटायला लागली, तापमान उतरून २४ तास उलटले तरी काही हालचाल नाही. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तिथला नंबर काय, हे लिहायला पत्रकावर जागाही ठेवलेली नाही. मी मागच्या बाजूला लिहून घेतलं.

विण्याचा खोका संचात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. घेताना आतून चारही बाजूंनी आडवी पट्टी असलेलाच घ्या, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी पिल्लू तिच्या पाठीमागे चेंगरत नाही. एका कोपऱ्यात ऊब हवी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागी २९ ते ३२ अंश लागतात, आणि आईला गरम झालं तर सरकायला दुसरी बाजू मोकळी राहावी. संच आणि खोका दोन्ही सातव्या आठवड्यापर्यंत घरात आलेले असावेत. कुत्रीला त्या जागेत झोपायची सवय होते आणि थर्मामीटरचीही.