परदेशप्रवासाच्या लसी: नौपाड्यातील मेडिकल आणि मोठे रुग्णालय

केनियाला जाण्यापूर्वी टायफॉइड आणि हिपॅटायटिस-ए या लसी घ्या, असे आमच्या डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा आम्हा दोघा पती-पत्नींसाठी ठाण्यात कोणता पर्याय परवडेल याची आम्ही नीट चौकशी केली. नौपाड्यातील एका मेडिकलने छापील किमतीवर दहा टक्के सूट दिली आणि लस टोचण्याचे काम आमच्या डॉक्टरांनी नेहमीच्या फीमध्येच केले. घोडबंदर रस्त्यावरील एका मोठ्या रुग्णालयात मात्र लस छापील किमतीला, आणि त्यावर माणशी नोंदणी, तपासणीची फी व टोचण्याचे शुल्क वेगळे होते. लहान मुले किंवा जुने आजार असलेली मंडळी सोबत असतील, तर सविस्तर सल्ल्यासाठी तो खर्च मला योग्यच वाटतो.

तरीही केवळ सूट पाहून मेडिकल निवडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहाव्या लागतात आणि गोठल्या तर निकामी होतात. आधी पाहिलेल्या एका दुकानात त्या शीतपेयांच्या बाटल्यांशेजारी ठेवलेल्या होत्या. तिथून आम्ही परत फिरलो. नौपाड्यातील दुकानदाराने फ्रिजवरचा तापमापक आणि सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची वही न मागता दाखवली. लस देताना थर्मोकोलच्या डब्यात जेलपॅक ठेवून, तिचा त्याला थेट स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातला आणि बिलावर बॅच क्रमांक व मुदत लिहिली. एवढी काळजी घेणारे दुकान सूट न देताही मी निवडले असते.

केनियासाठी लागणारी यलो फीवरची (पीतज्वराची) लस मात्र मेडिकलमध्ये मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. आम्ही सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयात ३०० रुपये भरून ती घेतली. अनेक जणांसाठीची कुपी उघडल्यावर काही तासांतच संपवावी लागत असल्याने तिथे आधी वेळ ठरवून, मूळ पासपोर्ट घेऊन जावे. ही लस घेतल्याचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते. पण ते नसेल तर केनियाहून परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, म्हणून तिकिटे काढल्याबरोबर पहिली वेळ याच लसीची घ्यावी.