आयडलला जुळलेली सुई

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह वाकलेला निघाला. पिस्टनच्या डोक्यावर त्याच्या कडेचा अर्धचंद्रासारखा ठसा उमटला होता. तो ठसा पाहून मला राग आला तो स्वतःचाच. कारण ज्याने आमच्या ट्रॅकच्या गाडीला टॅकोमीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, म्हणजे आरपीएम, दाखवणारा काटा) आणि शिफ्ट लाइट (ठरावीक आरपीएमला पेटून गिअर बदलायला सांगणारा दिवा) बसवून दिला होता, त्याने फोनवर आधीच निकाल देऊन टाकला होता, "साहेब, मीटर एकदम बरोबर आहे. चौथ्यातून तिसऱ्यात येताना तुमच्याकडून पहिला गिअर पडला असणार, म्हणून इंजिन मर्यादेबाहेर फिरलं." महिनाभर मी ते खरं मानलं. गिअर टाकताना हात कुठे चुकला असेल, हे आठवत रात्री जागा राहिलो. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण तो महिना माझ्या जास्त जिव्हारी लागला आहे.

आमची गाडी जुनी आहे. चार सिलिंडर, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, नाही, म्हणजे आरपीएम हाताबाहेर गेले तर इंजिनला आवर घालणारा रेव्ह लिमिटरही नाही. मूळ डॅशबोर्डवर आरपीएमचा काटाच नव्हता, आम्ही कानाने गिअर बदलायचो. पण हेल्मेट, उघडा एक्झॉस्ट आणि वारा यांत कानाचा भरवसा धरता येत नाही. इंजिन बांधणाऱ्याने बजावून सांगितलं होतं की वॉल्व्ह स्प्रिंगा मूळच्याच आहेत, 6500 च्या वर नेऊ नका. त्याच्या पुढे स्प्रिंग वॉल्व्हला वेळेत परत खेचू शकत नाही, वॉल्व्ह तरंगतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडतो. तेव्हा हा मीटर आमच्यासाठी शोभेची वस्तू नव्हता. इंजिन आणि नाश यांच्यामध्ये तेवढी एकच गोष्ट उभी होती.

हा माणूस ट्रॅकवरच भेटलेला. गोड बोलायचा, कुणाच्याही गाडीखाली झोपून मदत करायचा, म्हणून शंका आली नाही. त्याने सांगितलं ते असं: मीटर मूळ कंपनीचा, आत काटा नेमक्या टप्प्यांनी फिरवणारी स्टेपर मोटर, मागे 4, 6, 8 सिलिंडरचा स्विच. शिफ्ट लाइट वेगळा, त्याचं मॉड्यूल मीटरवर अवलंबून न राहता स्वतः सिग्नल वाचतं. सिग्नलला शील्डेड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं आवरण असलेली) वायर, पुरवठ्याला फ्यूज, प्रत्येक जोड सोल्डर केलेला. सामानाचे सगळे पैसे त्याने आगाऊ घेतले. मीटरच्या कडेवर एक चकचकीत सील होतं. ते दाखवून म्हणाला, "हे तुटलं की वॉरंटी गेली. एवढं सांभाळा." मला त्या वेळी तो काळजी घेणारा वाटला होता.

गाडी ताब्यात देण्याचा दिवस मी बारकाईने सांगतो, कारण फसवणूक तिथेच, आमच्या डोळ्यांसमोर झाली. त्याने इंजिन गरम होऊ दिलं, हातातलं दुसरं मीटर जोडलं आणि म्हणाला, "बघा, यात 900, आपल्या काट्यातही 900. जुळलं." मी आणि धाकटा भाऊ, दोघांनी वाकून पाहिलं. खरंच जुळत होतं. मग त्याने शिफ्ट लाइट 2500 वर लावला, दोनदा रेस दिली आणि दोन्ही वेळा लाल दिवा झगझगीत पेटला. भावाने विचारलं, "दादा, 4000 वर जरा धरून ठेवता का? तिथेही बघू." तो हसला आणि म्हणाला, "उभ्या गाडीत असं धरायचं नसतं, इंजिन तापतं." आम्ही गप्प बसलो. गरम झालेलं धडधाकट इंजिन दहा सेकंद 4000 वर धरल्याने काहीही होत नाही, हे आम्हाला माहीत होतं. तरी गप्प बसलो, कारण चारचौघांत त्याच्यावर अविश्वास दाखवायचा संकोच वाटला.

आता हिशोब बघा. आमचा मीटर सरसकट साडेआठ टक्के कमी दाखवत होता. 900 ला साडेआठ टक्के म्हणजे जेमतेम 75 आरपीएम. डायल शून्यापासून 10000 पर्यंत, साधारण 270 अंशांत पसरलेली. म्हणजे 75 आरपीएमचा फरक सुईच्या टोकाला 2 अंशांचा, जवळपास सुईच्याच जाडीएवढा. मान थोडी तिरपी केली तरी तेवढा फरक दिसेनासा होतो. तोच साडेआठ टक्क्यांचा खोट वर गेल्यावर 600 चा होतो. सुई 6500 दाखवत असते तेव्हा इंजिन 7100 वर फिरत असतं. आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, जुळवून दाखवणं म्हणजे चूक जिथे सर्वांत लहान असते नेमकी तीच जागा दाखवणं. आणि रेस देऊन दिवा पेटवून दाखवला, त्यातून दिवा पेटतो एवढंच कळतं. कितीवर पेटला ते कळत नाही, कारण रेस दिली की काटा इतक्या झपाट्याने वर-खाली होतो की कुणालाच वाचता येत नाही.

600 आरपीएम ऐकायला थोडे वाटतात. पण पिस्टन आणि रॉडवरचा जडत्वाचा भार आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 6500 चे 7100 झाले की तो भार 19 टक्के वाढतो. मी शिफ्ट लाइट इमानदारीने 6500 वर लावला होता आणि दिवा पेटला की गिअर बदलत होतो. म्हणजे प्रत्येक लॅपला, प्रत्येक सरळ पट्ट्यावर, नियम पाळून मी इंजिनाला मारत होतो. पहिले दोन दिवस त्याने सोसलं. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या सेशनमध्ये ते एका सिलिंडरवर मिस करायला लागलं. कॉम्प्रेशन तपासलं तर तीन सिलिंडर 170 पीएसआयच्या आसपास आणि तिसरा 60. पुढे हेड उतरवल्यावर काय दिसलं ते वर लिहिलंच आहे.

खरं बाहेर आणलं ते भावाने. गाडीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तो पुन्हा पुन्हा बघत होता, कारण माझा हात पहिल्या गिअरकडे गेलेला त्याला कुठेच दिसेना. मग त्याला आवाजाची कल्पना सुचली. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणून आरपीएमला 30 ने भागलं की एक्झॉस्टच्या मूळ सुराची फ्रीक्वेन्सी मिळते. 6500 ला ती 217 हर्ट्झच्या जवळ हवी. रेकॉर्डिंगचा आवाज त्याने स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. दिवा पेटतो त्या क्षणी रेघ 237 वर होती. 237 गुणिले 30 म्हणजे 7110.

आम्ही दुसऱ्या वाटेनेही पडताळून पाहिलं. चौथा गिअर सरळ, म्हणजे एकास एक. डिफरन्शियलचं गुणोत्तर 4.1, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 4.1 फेरे, मागच्या टायरचा घेर 1.8 मीटर. जीपीएस लॉगरवर 160 किलोमीटर वेग असताना इंजिन 6070 च्या आसपास असायला हवं. त्याच क्षणी कॅमेऱ्यात काटा साडेपाच हजारांच्या किंचित वर दिसत होता. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं. त्या रात्री महिनाभरानंतर मी शांत झोपलो, आणि सकाळी उठून मीटर डॅशवरून काढला.

टेबलावर 12 व्होल्टचा पुरवठा दिला आणि फंक्शन जनरेटरने (हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा सिग्नल देणाऱ्या यंत्राने) चौकोनी लहर दिली. ही परीक्षा कुणालाही करता येते. चार सिलिंडरच्या सेटिंगला 50 हर्ट्झला 1500, 100 ला 3000 आणि 200 ला 6000 दिसायला हवेत. आम्हाला दिसले साधारण 1370, 2750 आणि 5490. मग मागचा स्विच फिरवला. त्याच 200 हर्ट्झला 6 वर काटा 4000 ला आणि 8 वर 3000 ला उतरायला हवा होता. काटा हललाच नाही. सील फाडून मीटर उघडला तर स्विचच्या पायांतून एकही ट्रॅक पुढे गेलेला नव्हता, तो नुसता चिकटवलेला होता. स्टेपर मोटर नव्हती. एक छोटा ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा स्क्रू, मात्र होता, तो फिरवून काटा आयडलला आणला होता आणि वर गरम गोंदाचा थेंब टाकला होता. आणि ज्याचं वेगळं मॉड्यूल म्हणून पैसे घेतले, त्या शिफ्ट लाइटची वायर मीटरच्याच सर्किटमध्ये जात होती. मीटर खोटं बोलला की दिवाही खोटं बोलणार.

डॅशखालची वायरिंग पाहून मात्र अंगावर काटा आला. ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून आणलेली साधी वायर, पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला. सोल्डर नाही, शील्ड नाही, फ्यूज नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) भोकात वायर घासू नये म्हणून बसवायचं रबरी ग्रॉमेट नव्हतं, पत्र्याच्या धारेवर वायरचं आवरण अर्धं घासलं होतं. कॉइल निगेटिव्हची वायर बॉडीला टेकली की ठिणगी बंद आणि इंजिन तिथल्या तिथे बंद. पूर्ण वेगात वळण घेताना असं झालं असतं तर मागून येणाऱ्या गाडीने काय करायचं? वॉल्व्ह वाकल्याचं मी एकवेळ विसरेन, पण हे विसरणार नाही.

त्याला गाठलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, "सील तोडलंत ना? आता मी काही करू शकत नाही." आवाजाचा आलेख आणि जनरेटरचा व्हिडिओ दाखवल्यावर सूर बदलला. "मलाच माल असा मिळाला, मीही फसलो." मीटरबद्दल हे क्षणभर मान्य केलं तरी त्या वायरीला पीळ त्याने स्वतःच्या हाताने दिला होता आणि सोल्डरचे पैसे त्यानेच मोजून घेतले होते. बसवण्याची मजुरी त्याने परत केली. मीटरचे पैसे आणि इंजिनाचा खर्च आजवर मिळालेला नाही. बिलावर फक्त "मीटर व फिटिंग" एवढंच लिहिलेलं असल्याने आमची बाजू लंगडी पडली. मॉडेल, अनुक्रमांक, शील्डेड वायर, फ्यूज हे सगळं बिलावर लिहून घ्या, आणि अनुक्रमांक खरा आहे का ते पैसे देण्याआधी थेट उत्पादकाला विचारा. आम्ही नंतर विचारलं. त्या क्रमांकाचा मीटर त्यांनी बनवलेलाच नव्हता.

तुमची गाडी नवी असेल, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर बसवणारा सिग्नल कुठून घेणार आहे हे विचाराच. तशी एक कॉइल दोन फेऱ्यांत एकदाच पेटते. तिच्यावरून सिग्नल घेऊन मीटर चार सिलिंडरवर ठेवला तर काटा खऱ्याच्या एक चतुर्थांश दाखवेल. ईसीयूचं टॅको आउटपुट वापरायचं तर बऱ्याचदा 12 व्होल्टकडे पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची वायर 12 व्होल्टकडे खेचून धरणारा रेझिस्टर) लागतो. या प्रश्नांवर जो अडखळतो किंवा चिडतो, त्याच्या हाती गाडी देऊ नका.

नवा मीटर आम्ही स्वतः बसवला. डॅशवर चढवण्याआधी टेबलावर 200 हर्ट्झ दिले आणि काटा 6000 वर येऊन थांबेपर्यंत भाऊ आणि मी दोघंही बोललो नाही. शिफ्ट लाइट आता 6200 वर आहे. दिवा दिसून पाय हलेपर्यंत पाव सेकंद जातो आणि दुसऱ्या गिअरमध्ये तेवढ्यात 300 आरपीएम सहज वाढतात. जुना मीटर उघडाच ठेवला आहे. त्याच माणसाकडून कुणी मीटर बसवून घेतला असेल तर तो घेऊन या, जनरेटर आमच्याकडे आहे, तपासायला दहा मिनिटं लागतात. तोवर गाडी ट्रॅकवर काढू नका.